कोणती मायरा?

शाळेत तिला सगळे माईकबाई म्हणायचे. कागदोपत्री ती कार्यालयातली मदतनीस. सकाळभर जुने दाखले शोधायचे, झेरॉक्स काढायच्या, पोरांनी विसरलेल्या पाण्याच्या बाटल्यांचा ढीग आवरायचा, ही तिची कामं. पण साडेबारा वाजले की फाटकाजवळच्या पत्र्याच्या शेडखाली ती टेबल मांडायची, माईकवर दोनदा टकटक करायची आणि पुढचा पाऊण तास बालवर्गातल्या मुलांची नावं पुकारायची. न्यायला आलेला माणूस कार्ड दाखवणार, ती कार्डावरचं नाव नि वर्ग पुकारणार, आतल्या बाकावरून ते मूल दप्तर फरफटत येणार आणि ती त्याचा हात योग्य माणसाच्या हातात देणार. अकरा वर्षं हे चाललं होतं आणि एकही मूल इकडचं तिकडे झालं नव्हतं.

एका जागी बसणारी बाई ती नव्हतीच. पुकारतानाही खुर्ची मागे सारून उभी राहायची आणि माईकची वायर पुरेल तिथवर येरझाऱ्या घालायची. निघताना घराचं कुलूप तीनदा ओढून बघायची आणि बसमध्ये चढल्यावर पुन्हा मनात ओढायची. नवरा गेल्यापासून घरात ती एकटीच, त्यामुळे ही अस्वस्थता कुणी अडवतही नव्हतं. लेक दोन थांबे पलीकडे राहायची. ती म्हणायची, "आई, तुझ्या पायांना कुणीतरी चावी दिलीय आणि परत घ्यायला विसरलंय."

अलीकडे मात्र पायांपेक्षा नावांनीच तिला जास्त पळवलं होतं. सुरुवातीची वर्षं बरी गेली. मग नावांची जणू साथच आली. एका वर्षी मुलगे सगळे रेयांश, प्रियांश, वियांश, दिव्यांश. माईकच्या खरखरीत नावाचा पुढचा भाग विरघळून जायचा, नुसतं 'यांश' ऐकू यायचं आणि बाकांवरचे सात-आठ जण एकदम उठायचे. मुलींचंही तेच. मायरा, कायरा, समायरा, अनाया, शनाया. आरव तर एकाच वर्गात चार. तिनं आपल्यापुरत्या खुणा ठरवून टाकल्या होत्या. एक भिंगरी आरव, एक साहेब आरव, एक नाकपुश्या आरव आणि चौथा नुसताच आरव, कारण त्याला अजून काही खूण चिकटली नव्हती.

मायरा शाळेत सहा होत्या. त्यातल्या दोघी सिनियर केजीत. 'अ' तुकडीतली बडबडी, जी फाटकापर्यंत येताना वाटेतल्या तीन माणसांना घरातली बातमी सांगून यायची. आणि 'ब' तुकडीतली गप्प, जी नाव ऐकलं की उठायची आणि मान खाली घालून चालायला लागायची. दोघींच्या दोन-दोन शेंड्या, दोघींना लाल रिबिनी. गप्प मायराच्या आईला एकदा माईकबाईनं विचारलंही होतं, की हे नाव कसं सुचलं हो? ती म्हणाली होती, "आम्हाला अगदी वेगळं नाव हवं होतं. कुणाचंच नसलेलं."

माईकबाईला हसू आवरेना. वेगळं नाव म्हणून सगळ्यांनी एकाच यादीतून उचललेलं दिसत होतं.

त्या वर्षी हे हसणं तिच्या अंगाशी आलं. लेकीला मुलगी झाली आणि तिनं ठरवलेलं नाव निघालं मायरा.

"अगं, सहा आहेत माझ्याकडे! सहा!" माईकबाई दवाखान्यातल्या खाटेभोवती फिरत म्हणाली होती. "तुझी सातवी होईल. जगात नावांचा दुष्काळ पडलाय का?"

"तुझ्या शाळेची हजेरी बघून मी माझ्या मुलीचं नाव ठेवू का?"

"मग काय, तिला फक्त घरात ठेवणारेस? कधीतरी कुणीतरी पुकारणारच ना तिला."

जावई बिचारा थर्मास भरून आणतो म्हणून जो गेला, तो तासानं उगवला. वाद मिटला नाही. पुढचे नऊ दिवस तो फोनवर चालू राहिला, आणि फोन खणखणला की माईकबाईच्या कपाळावर आपोआप आठी उमटू लागली.

बुधवारी सकाळी बडबड्या मायराच्या आईचा शाळेत फोन आला. आज नवीन ड्रायव्हर न्यायला येईल, कार्ड जुन्या ड्रायव्हरकडेच राहिलंय, करड्या रंगाची गाडी आहे, कृपा करून सोडा. माईकबाईनं ते तळहातावर पेनानं लिहून ठेवलं. बाकांवर मुलांना सांभाळणारी मावशी त्या दिवशी तापानं घरी होती, तेव्हा पुकारायचं आणि मुलांवर नजर ठेवायची ही दोन्ही कामं हिच्याच गळ्यात.

बारा चाळीसला करडी गाडी आली. ड्रायव्हरनं खिडकीतून डोकं काढून "मायरा, सिनियर केजी," म्हटलं. माईकबाईनं पुकारलं, "मायरा, सिनियर केजी, अ तुकडी." तेवढ्यात कमरेला खोचलेला फोन थरथरला. तिनं काढून बघितलं. लेकीचा निरोप होता, "आई, नाव ठरलं. शुक्रवारी नोंदणीला जाणार. आता वाद नको."

वाद नको! तिच्या अंगाचा तिळपापड झाला. ती तो निरोप दुसऱ्यांदा वाचत होती तोवर दप्तर फरफटण्याचा आवाज जवळ आला. तिनं अर्ध्या नजरेनं दप्तरावरची पट्टी बघितली. मायरा. सिनियर केजी. तिनं तो छोटासा हात धरला, ड्रायव्हरनं मागचं दार उघडलं, पोरगी आत चढली, गाडी गेली. माईकबाई उत्तर टाइप करत होती, "तुझं तू बघ."

एक वाजता गप्प मायराचे बाबा आले. उंच, शिडशिडीत माणूस, चष्म्याच्या दुकानदारांना काचा घासून देण्याचं काम करायचा आणि रोज जेवणाच्या सुट्टीत धावत यायचा. त्यांनी कार्ड दाखवलं. तिनं पुकारलं, "मायरा, सिनियर केजी, ब तुकडी."

आतून बडबडी मायरा आली. ओले हात फ्रॉकला पुसत. "मी बाथरूममध्ये होते. माझी गाडी आली का? आज नवीन काका येणारेत, आई म्हणाली त्यांना गाणी लावता येतात."

बाबा खाली वाकले, हसले आणि मग सरळ झाले.

"ही माझी नाही," ते म्हणाले.

माईकबाईनं बाकांकडे बघितलं. तीन मुलं उरली होती, तिन्ही मुलगे. तरीही ती बाकांपर्यंत पळत गेली, बाकांखाली वाकून बघितलं, बाथरूमची चारही दारं ढकलली, घसरगुंडीमागे गेली. हे सगळं करताना तिला पक्कं माहीत होतं की मुलगी तिथं नाही. तिला दप्तरावरची पट्टी आठवत होती. अक्षर न् अक्षर आठवत होतं. चेहरा मात्र आठवत नव्हता, कारण चेहरा तिनं बघितलाच नव्हता.

"कोणाबरोबर गेली?" बाबा विचारत होते. आवाज चढलेला नव्हता, त्यामुळे जास्त भीती वाटत होती. "बाई, माझी मुलगी कोणाबरोबर गेली?"

मोठ्या बाई त्यांच्या खोलीतून आल्या. बडबड्या मायराच्या आईला फोन लावला तर तो बंद. ड्रायव्हरचा नंबर कुणाकडेच नव्हता. मोठ्या बाईंनी पोलिसांना फोन लावला, वॉचमनकाकांनी वहीत टिपलेला गाडीचा नंबर सांगितला, आणि शाळेचा एकुलता एक फोन त्या गडबडीत अडकून बसला. माईकबाई कार्यालयात धावली. प्रवेशअर्जांच्या फायली तिनंच लावलेल्या होत्या. बडबड्या मायराचा अर्ज काढायला तिला डोळेही लागले नसते, पण घाईत तीन वेळा भलताच कागद हातात आला. शेवटी अर्ज मिळाला. वर घरचा पत्ता होता.

"गाडी तिथंच गेली असणार," ती म्हणाली. "मला घेऊन चला."

बडबडीला मोठ्या बाईंच्या खोलीत बसवून ती बाबांच्या गाडीत बसली. मागच्या सीटवर काचांची खोकी होती. प्रत्येक वळणावर ती किणकिणत होती. सिग्नल लागला की बाबा स्टिअरिंगवर अंगठे आपटायचे. माईकबाईला वाटत होतं, दार उघडावं आणि पळत सुटावं, गाडीपेक्षा आपण आधी पोचू.

"ती कुणाशी बोलत नाही," बाबा समोर बघत म्हणाले. "घाबरली तरी रडत नाही. नुसती बसून राहते. कुणाला कळणारसुद्धा नाही ती घाबरलीय." मग थोड्या वेळानं, "तुम्ही रोज बघता तिला. अकरा वर्षं हे काम करताय म्हणे. आज तिच्याकडे बघितलं नाही का?"

काय वाटेल ते सांगता आलं असतं. मावशी रजेवर होती, माईक खरखरतो, दोघींच्या रिबिनी सारख्या, ड्रायव्हर नवा. सगळं खरंच होतं.

"नाही बघितलं," ती म्हणाली. "मी फोनमध्ये बघत होते. घरचं काहीतरी होतं. दप्तरावरचं नाव वाचलं नि हात धरून दिला."

पुढचे तीन सिग्नल गाडीत फक्त काचा बोलत राहिल्या.

इमारत चार मजली होती आणि घर चौथ्यावरच. लिफ्टची वाट कुणी बघितली नाही. माईकबाईनं बेलवर बोट ठेवलं ते उचललंच नाही. आतून कुणीतरी ओरडलं, "आले, आले, बेल आहे की आग लागलीय?"

दार एका म्हाताऱ्या बाईनं उघडलं. एका डोळ्यावर हिरवी पट्टी, वर काळा चष्मा. ती बडबड्या मायराची आजी. डोळ्याचं ऑपरेशन होऊन चार दिवस झालेले.

"शाळेचे ना तुम्ही?" ती या दोघांना बोलूही न देता म्हणाली. "अर्धा तास फोन लावतेय, सारखा आपला एंगेज! पोरगी आत आली आणि बूट काढून जागेवर नीट ठेवले. तेव्हाच म्हटलं, ही आमची नव्हे. आमची बूट भिरकावते. जवळ घेऊन विचारलं, बाळ, नाव काय? म्हणाली मायरा. म्हटलं, ते आमचीचंही आहे, तू कोणाची? तर म्हणाली, बाबांची. आता तेवढ्यावरून मी कुणाला शोधू?"

तिच्या मागे फरशीवर गप्प मायरा बसली होती. समोर दुधाचा पेला, अर्धं बिस्कीट, आणि मांडीत एक जाडजूड मांजर. तिनं वर बघितलं.

"बाबा," ती म्हणाली, "हिला पाच पिल्लं झाली होती."

बाबा तिथंच दारात, बुटांच्या रांगेशेजारी, मटकन खाली बसले. चष्मा काढून हातात धरला, आणि मग हसतायत का रडतायत ते कळेना. माईकबाई बाहेर जिन्याच्या कठड्याला धरून उभी राहिली. जिवात जीव आला होता, पण पाय काही थांबत नव्हते. तिचं तिलाच कळत होतं की ती उभ्याउभ्या एका पायावरून दुसऱ्या पायावर झुलतेय.

दुसऱ्या दिवशी तिनं काय झालं ते लिहून मोठ्या बाईंच्या टेबलावर ठेवलं. त्यांनी ते दोनदा वाचलं.

"फोनचं लिहिलंच पाहिजे होतं का? ड्रायव्हरनं कार्ड आणलं नव्हतं. एवढं पुरलं असतं."

"कार्ड नव्हतं म्हणून चूक झाली नाही बाई. मी बघितलं नाही म्हणून झाली."

गप्प मायराच्या बाबांचं पत्रही आलेलं होतं. 'या व्यक्तीला मुलांजवळ ठेवू नये' असं त्यात होतं. मोठ्या बाईंनी तिला कामावरून काढलं नाही, पण माईक काढून घेतला आणि जुन्या कागदपत्रांच्या खोलीत बसवलं. त्याच सकाळी पायऱ्यांवर गप्प मायरा तिच्यासमोर येऊन थांबली. आपणहून थांबण्याची ही पहिलीच वेळ.

"आज त्या आजीकडे नाही पाठवणार?" तिनं विचारलं.

"नाही गं राजा," माईकबाई म्हणाली, आणि पोरगी चक्क हिरमुसून निघून गेली.

शुक्रवारी ती लेकीकडे गेली. बाळ झोपलेलं होतं. तिनं उभ्याउभ्याच सगळं सांगितलं, निरोप कधी आला तेही.

लेकीचा चेहरा उतरला. "म्हणजे माझ्यामुळे झालं?"

"माझ्यामुळे. तू निरोप पाठवलास. वाचायची घाई मी केली." मग न राहवून ती पुढे म्हणाली, "पण आता तरी बघ ना. एका नावाच्या दोन पोरी, आणि काय होऊन बसलं. अजूनही नोंदणी झालेली नाही."

लेक बराच वेळ बाळाची चादर नीट करत राहिली. चादर नीटच होती.

"आई, तू माझं नाव काय ठेवलंस?"

"मी कुठं? तुझ्या बाबांच्या आईनं ठेवलं."

"तेच. चार जोडाक्षरं. दर वर्षी पहिल्या दिवशी नव्या बाई हजेरी घ्यायच्या. माझ्या आधीच्या मुलीचं नाव झालं की थांबायच्या. पुस्तक डोळ्यांजवळ धरायच्या. मला कळायचं, आता माझी पाळी. मग त्या काहीतरी भलतंच म्हणायच्या आणि वर्ग हसायचा. मी दुरुस्त करायचे, परत हसायचा. नोकरीच्या ठिकाणी अजून विचारतात, पुन्हा सांगाल का? घरी तुम्ही चिमणी म्हणत होतात, तुम्हाला काय कळणार. मला असं नाव हवं होतं, की कुणी थांबणार नाही. हजेरीत आलं आणि गेलं, बस."

माईकबाई खिडकीपाशी गेली, तिथून दारापाशी, परत खिडकीपाशी. चोवीस वर्षांत हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. शाळेतून आल्यावर दप्तर टाकून पोरगी गपचूप पलंगाखाली जाऊन बसायची, ते तिला दिसायचं. भूक लागली असेल म्हणून ती खायला द्यायची.

"बोलली का नाहीस कधी?"

"बोलले असते तर तू शाळेत जाऊन भांडली असतीस. आणि मग सगळ्यांनाच पाठ झालं असतं."

हे खरंच होतं, त्यामुळे दोघीही हसल्या आणि बाळ जागं झालं.

नोंदणी कार्यालयात त्या तिघी गेल्या. खिडकीमागच्या कारकुनानं नाव ऐकलं आणि मान वर न करता लिहिलं. एकदाही थांबला नाही, स्पेलिंगही विचारलं नाही. लेकीनं आईकडे असं बघितलं, की बघितलंस? माईकबाईचं समाधान झालं होतं असं नाही. आपल्या नातीलाही असंच एक दिवस कुणीतरी न बघता पुढच्याच्या हातात देईल, ही टोचणी मनात राहिलीच. पण लेकीच्या चेहऱ्यावर तिला बऱ्याच वर्षांनी पलंगाखालून बाहेर आलेली पोरगी दिसली, आणि त्यापुढे तिचं काही चालेना.

इकडे शाळेत मुलांना नंबर दिले गेले. माईकवर आता "एकशे बारा, सत्तावीस" असं ऐकू यायचं. कागदांच्या खोलीत बसून ते ऐकताना माईकबाईचा जीव कासावीस व्हायचा. साडेबारा वाजले की ती उठायची, दारापर्यंत यायची, परत जाऊन बसायची. केजीतल्या पोरांना नंबर कुठले लक्षात राहायला? तिसऱ्या आठवड्यात एक मुलगा पाऊण तास बाकावर बसून राहिला, कारण तो स्वतःला आरवच समजत होता, सत्तावीस नव्हे. तो चौथा, नुसताच आरव.

त्या दिवशी ती मोठ्या बाईंकडे गेली. "माईक नको मला," ती म्हणाली. "खुर्चीही नको. मला वर्गाच्या दारातून एकेक मूल हाताला धरून फाटकापर्यंत आणू द्या. मावशी आणि मी, दोघी. नाव विचारीन, तुकडी विचारीन, तोंडाकडे बघीन, न्यायला आलेल्या माणसाला बघून मूल खुलतंय का ते बघीन. मग सोडीन."

"दीडशे मुलं आहेत. चालून चालून पाय मोडतील तुमचे."

"माझे? नाही मोडायचे."

मोठ्या बाईंनी पालकांची सभा घेतली आणि ही पद्धत ठरली. गप्प मायराच्या बाबांनी विरोध केला नाही आणि होकारही दिला नाही. मात्र ते स्वतःच येत राहिले. बारा वाजल्यापासून फाटकाबाहेर, काचांची गाडी कडेला लावून, जेवणाचा डबा न उघडता. माईकबाई मुलीला घेऊन यायची. ते आधी मुलीकडे बघायचे, मग हिच्याकडे, हात घ्यायचे आणि निघायचे. एक शब्द नाही. चार महिने असं चाललं. तिनंही कधी बोलायचा प्रयत्न केला नाही. आपल्याला तो हक्क नाही असं तिला वाटायचं. रोज त्यांच्यासमोर उभं राहताना तळहाताला घाम सुटायचा, तो पोरीला कळू नये म्हणून ती तिचं फक्त मनगट धरायची.

मग एका सोमवारी त्यांनी मुलीचा हात घेतला, दोन पावलं गेले आणि वळले.

"उद्या मला यायला जमणार नाही," ते म्हणाले. "हिची मावशी येईल. तुम्ही बघितलेली नाही तिला. उंच आहे, केस कापलेले."

"कार्ड असेल ना त्यांच्याकडे?"

"असेल." ते थोडे घुटमळले. "आणि हिला विचारा. ही सांगेल."

गप्प मायरानं दोघांकडे आळीपाळीनं बघितलं आणि मान डोलावली. माईकबाई पुढच्या मुलाला आणायला वर्गाकडे वळली.